दोन कॅमेरे आणि एक भिंत

गेल्या चतुर्थीला माझी भाची चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. माटोळीसाठी लागणारी दोरी शोधता शोधता तिने माझ्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि जुन्या दाव्यांच्या नकलांमागे ठेवलेला एक हवाबंद डबा बाहेर काढला. त्यात दोन कॅमेरे होते. एक हाताच्या तळव्यात मावेल असा, चकचकीत, चपटा. दुसरा काळा, जाडजूड, पुढे भिंगाची नळी असलेला. दोन्ही मी वकिलीच्या अगदी आरंभीच्या वर्षांत घेतले होते. भाचीने दोन्ही हातांत दोन्ही धरून विचारले, "मामा, ह्या दोनांतलो खंयचो बरो?"

वकिलास सरळ प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही, असा लोकांचा आक्षेप असतो. त्या दिवशी तो मी खरा करून दाखविला. "कशासाठी?" असा उलट प्रश्न करून मी वेळ मारून नेली. तिचे उत्तर मात्र तयार होते. जुनी घरे आणि देवळांचा परिसर यांची चित्रे घेऊन ठेवण्याचे तिने मनावर घेतले आहे. महाविद्यालयातील तिच्या मैत्रिणी हल्ली असले लहान जुने कॅमेरे हौसेने वापरतात. काहींनी वापरलेले मोठे कॅमेरे स्वस्तात विकत घेतले आहेत. तेव्हा कोणता घ्यावा, हा तिच्यापुढे खरोखरीचाच प्रश्न होता. मी दोन्हींसाठी नव्या बॅटऱ्या मागविल्या आणि महिनाभर दोन्ही कॅमेरे आळीपाळीने वापरून पाहिले. ती तुलना येथे मांडीत आहे. तिच्या मुळाशी एका भिंतीची गोष्ट आहे. ती योग्य ठिकाणी येईलच.

प्रथम पक्षकारांची ओळख. लहान कॅमेरा म्हणजे कॅननचा डिजिटल इक्सस ७०. हा २००७ साली बाजारात आला. जाडी सुमारे १९ मिलिमीटर, बॅटरी वगळून वजन १२५ ग्रॅमच्या आसपास. अंगच्या कोटाच्या खिशात तो ठेवला तर कोटाची घडीही मोडत नाही. मोठा कॅमेरा म्हणजे निकॉनचा डी४०. याची घोषणा २००६ सालच्या नोव्हेंबरात झाली. नवशिक्यांसाठी काढलेला हा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि भिंग बदलता येणारा कॅमेरा. बॅटरी व भिंग वगळून याचेच वजन सुमारे ४७५ ग्रॅम, आणि सोबत मिळणारे १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग आणखी २०० ग्रॅमचे. या जातीचे कॅमेरे त्यापूर्वी धंदेवाईक छायाचित्रकारांनाच परवडत. २००३ साली कॅननने ईओएस ३००डी हा कॅमेरा एक हजार डॉलरच्या आत विकावयास काढला, तेव्हापासून हौशी माणसाच्या हाती ही वस्तू येऊ लागली. डी४० हे त्याच प्रवाहातील पुढचे पाऊल होते.

दुकानात त्या काळी ग्राहकास पहिली गोष्ट सांगितली जाई ती मेगापिक्सेलची. त्या हिशेबाने लहान कॅमेराच श्रेष्ठ ठरतो, कारण त्याचे मेगापिक्सेल ७.१ आणि मोठ्याचे ६.१. कित्येकांनी एवढ्यावरच निर्णय केला आणि मोठ्या कॅमेऱ्यावर जादा खर्च करणाऱ्यास वेड्यात काढले. वस्तुतः ही संख्या चित्र किती ठिपक्यांत विभागले आहे एवढेच सांगते. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्यास किती उजेड आला हे सांगत नाही. डी४० मधील प्रकाश टिपणारा सेन्सर २३.७ मिलिमीटर रुंद व १५.६ मिलिमीटर उंच आहे. इक्ससचा सुमारे ५.८ बाय ४.३. क्षेत्रफळ काढले तर पहिला दुसऱ्याच्या पंधरापट भरतो. पावसाळ्यात राजांगणात एक मोठी परात ठेवली आणि शेजारी एक वाटी ठेवली, तर दोन्हींवर पाऊस सारखाच पडतो. तरी सरीअखेर परातीत किती पाणी साचते आणि वाटीत किती, हे कोणा गृहिणीस सांगावयास नको. उजेडाचेही तसेच.

येथे निष्पक्षपणाने हेही सांगितले पाहिजे की, लहान कॅमेऱ्याचे भिंग थोडे अधिक उघडते. त्याचे ॲपर्चर एफ/२.८ पर्यंत जाते, तर डी४० सोबत मिळणारे भिंग एफ/३.५ वरच थांबते. हा फरक वजा केला तरीसुद्धा मोठ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर एकूण नऊ-दहापट उजेड पोहोचतो. भर उन्हात या श्रीमंतीचा काही उपयोग नाही. दुपारी अंगणात काढलेली दोघांची चित्रे मी पोस्टकार्डाएवढ्या आकारात छापून घेतली, तेव्हा कोणते कोणाचे हे भाचीस ओळखता आले नाही, आणि खरे सांगावयाचे तर पाठीमागची खूण पाहिल्याविना मलाही आले नाही. परंतु दिवेलागण झाली की वाटी आणि परात यांतील अंतर दिसू लागते. समईच्या किंवा मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात हाती धरून घेतलेल्या लहान कॅमेऱ्याच्या चित्रात रंगीत कणी उठते, आणि ती दाबून टाकण्याच्या प्रयत्नात कॅमेरा साडीच्या काठाचे विणकाम आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकत्र पुसून टाकतो. मोठा कॅमेरा त्याच उजेडात आयएसओ ८०० वर निभावून नेतो.

दुसरा भेद वेळेचा. लहान कॅमेऱ्यास नजर स्थिर करावयास अवधी लागतो. तो भिंग मागेपुढे हलवून चित्र केव्हा सर्वांत रेखीव दिसते ते चाचपून पाहतो, आणि मग शटर उघडतो. तेवढ्यात पालखी चार पावले पुढे गेलेली असते. डी४० मध्ये आरशाखाली या कामासाठी वेगळी योजना आहे. भिंग कोणत्या दिशेस आणि किती फिरवावयाचे हे तिला एकदम कळते. त्यामुळे कळ दाबणे आणि चित्र उमटणे यांत जाणवण्याजोगे अंतर राहत नाही. शिवाय व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की भिंगातून आलेले दृश्यच आपण पाहतो. इक्ससलाही व्ह्यूफाइंडरचे एक बारीक भोक आहे, पण ते भिंगाशेजारून पाहते, भिंगातून नव्हे. म्हणून बहुतेक लोक हात लांब करून मागचा पडदा पाहतच चित्र घेत. तसा हात लांब केला की तो कापतो, हा अनुभव सर्वांचा आहे.

तिसरा भेद अधिक नाजूक आहे आणि त्यात लहान कॅमेऱ्याची बाजू पुष्कळदा कोणी मांडीत नाही. सेन्सर लहान असला की जवळचे आणि दूरचे दोन्ही एकदम स्पष्ट उमटते. इक्सस एफ/२.८ वर जेवढी खोली स्पष्ट ठेवतो, तेवढी मिळविण्यासाठी डी४० चे छिद्र जवळजवळ एफ/११ पर्यंत बारीक करावे लागते. माणसाची छबी घ्यावयाची असेल तर हा दोष होय. माझ्या मावशीचे बाल्कांवात बसलेले एक चित्र मजपाशी आहे. त्यात मावशीइतकेच तिच्या डोक्यामागचे विजेचे बटण ठळक आहे. याउलट निकॉनने २००९ साली काढलेले ३५ मिलिमीटर एफ/१.८ चे भिंग डी४० ला लावले, तर मागची भिंत विरघळून जाते आणि डोळे तेवढे उरतात. सोबतच्या भिंगाच्या मानाने हे भिंग त्याच ठिकाणी सुमारे सहापट उजेड आत घेते. परंतु कागदपत्राचे, कोरीव दाराचे, अथवा दूरवर गेलेल्या ओवरीचे चित्र घ्यावयाचे असेल, तर सर्वच स्पष्ट दिसणे हा गुण होय, आणि तो लहान कॅमेऱ्यात विनासायास मिळतो. भिंग बदलण्याची सोयही निष्कलंक नाही. डी४० च्या अंगात नजर स्थिर करणारी मोटार नाही. ज्या भिंगात स्वतःची मोटार आहे त्यातच ते काम आपोआप होते. निकॉनची जुनी भिंगे स्वस्तात घेऊन ती यावर चढविणाऱ्यांस हे घरी आल्यावर कळे.

आता भिंतीकडे वळू.

२००९ सालच्या पावसाळ्यानंतर एका देवस्थानच्या कामासाठी मी एका गावी गेलो होतो. गावाचे नाव येथे आवश्यक नाही. देवळाच्या अग्रशाळेच्या मागच्या अंगास एक अरुंद ओवरी होती आणि तिच्या भिंतीवर कावीचे एक चित्र होते. मध्ये कमळ, दोहों बाजूंस समोरासमोर मोर, भोवती वेलबुट्टीची किनार. काव म्हणजे तांबडी माती. चुन्याच्या गिलाव्यावर कावमिश्रित पातळ थर चढवावयाचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने रेषा ओढून नको तेथला तांबडा खरवडून काढावयाचा. खालचा पांढरा चुना उघडा पडतो आणि चित्र उमटते. म्हणजे या चित्राला रंगाबरोबरच किंचित खोलीही असते. काम करणाऱ्याचा हात कोठे थांबला, कोठे वळला, हे त्या खोलीवरून कळते. मी ते चित्र पाहिले, आवडले, आणि खिशातून इक्सस काढून तीन वेळा कळ दाबली. दिवस मावळत आला होता. मोठा कॅमेरा घरी कपाटात होता. इतक्या लहान कामासाठी ते ओझे कोण नेणार?

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा अग्रशाळेची दुरुस्ती झाली होती. ती भिंत पाडून तेथे नवी भिंत आली होती आणि तीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात होते. यात मी कोणास दोष देत नाही. भिंतीत ओल मुरली होती, छप्पर धोक्याचे होते, आणि गावाने वर्गणी काढून काम पुरे केले होते. फक्त चित्र गेले होते. कोणी त्याचा फोटो घेतला होता काय, म्हणून विचारपूस केली, तेव्हा ध्यानात आले की घेणारा मीच एकटा होतो.

ती तीन चित्रे संगणकावर मोठी करून पाहिली, तेव्हा माझ्या निष्काळजीपणाचा हिशेब पुढे आला. कॅमेऱ्याने अंधार ओळखून आपण होऊन फ्लॅश पेटविला होता. समोरून आलेल्या त्या झोताने मधले कमळ पांढरेफटक होऊन गेले आणि कडेचे मोर अंधारात राहिले. कोरलेल्या रेषेची खोली दिसावयास उजेड कडेने यावा लागतो. समोरच्या झोताने ती सपाट झाली. ओवरीत मागे सरकावयास जेमतेम दोन मीटर जागा होती. तेवढ्या अंतरावरून इक्ससच्या चौकटीत सुमारे दोन मीटर रुंदीची भिंत मावते, आणि चित्र त्याहून रुंद होते. म्हणून मी ते तुकड्यांत घेतले, तेही तिरके, एकमेकांस नीट न जुळणारे. आणि इक्सस चित्र साठवितो ते फक्त जेपेग स्वरूपात. म्हणजे काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे याचा निर्णय तो जागच्या जागी करून मोकळा होतो. कावीचा तांबडा रंग त्याने तपकिरी ठरविला. त्या निर्णयावर अपील नाही.

डी४० जवळ असता तर काय झाले असते? त्याच दोन मीटरवरून त्याच्या १८ मिलिमीटरच्या भिंगात सव्वादोन ते अडीच मीटरच्या वरची भिंत मावली असती आणि चित्र एका चौकटीत आले असते. त्या भिंगात कडेच्या सरळ रेषा किंचित फुगतात खऱ्या, परंतु तो दोष मागाहून संगणकावर काढता येतो. फ्लॅशविना, आयएसओ वाढवून, ओवरीच्या तोंडाने कडेने येणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडात ते घेता आले असते. आणि मुख्य म्हणजे ते रॉ स्वरूपात साठविता आले असते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. डी४० चा सेन्सर जे टिपतो त्याची मोजणी बारा बिटांची, म्हणजे ४०९६ पायऱ्यांची आहे. तांबडा कोणता तांबडा, हे घरी बसून, त्या गावच्या मातीचा नमुना पुढे ठेवून ठरविता आले असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की निकाल लागला. मोठा कॅमेरा जिंकला. मीही कित्येक वर्षे तसेच समजत होतो. या महिन्यात पुन्हा पाहिले तेव्हा मात्र मला माझे म्हणणे बदलावे लागले.

झाले असे की, इक्ससची जुनी माहितीपुस्तिका डब्यात सापडली आणि ती मी प्रथमच पूर्ण वाचली. त्या कॅमेऱ्यात फ्लॅश बंद करता येतो. एका बटणाचे काम आहे. आयएसओ ८० वर ठेवता येतो. पांढरा रंग कोणता मानावयाचा हे कोऱ्या कागदावर धरून शिकविता येते. शटर कित्येक सेकंद उघडे ठेवता येते, आणि तळाशी तिकाटण्यावर बसविण्याचा आटाही आहे. मी तो घरातल्या कोनाड्यात टेकवून ठेवला, फ्लॅश बंद केला, आपोआप कळ दाबणारे घड्याळ लावले, आणि एका समईच्या उजेडात चिऱ्याच्या भिंतीचे चित्र घेतले. तेच चित्र त्याच जागेवरून डी४० ने घेतले. मोठ्या छपाईत डी४० चे चित्र सरस ठरले, सावलीतील तपशील त्यात अधिक होता. परंतु इक्ससचे चित्र लाज वाटावी असे मुळीच नव्हते. चिऱ्याचे भोक न् भोक त्यात मोजता येत होते. भिंत हलत नाही. हलत नसलेल्या वस्तूपुढे लहान सेन्सरची उणीव सबुरीने बहुतांशी भरून काढता येते. २००९ साली त्या ओवरीत एक कट्टा होता. दोन मिनिटे थांबलो असतो तर तीच चित्रे त्याच कॅमेऱ्यात वाचली असती.

मग थांबलो का नाही? याचे उत्तर मला या तुलनेतील मुख्य गोष्ट वाटते. यंत्र आपले काम करते तसेच ते धन्याला एक सवयही लावते. खिशातला कॅमेरा सांगतो, "तुम्ही काही पाहू नका, मी पाहतो." सगळ्या सोयी त्यात आहेत, पण त्या यादीच्या आत यादीत दडविलेल्या आहेत, कारण त्या वापराव्यात अशी बनविणाऱ्याचीच अपेक्षा नाही. काढा, दाबा, ठेवा, एवढाच त्याचा उपदेश. मोठा कॅमेरा हातात घेताच उलट घडते. त्याला डोळा लावावा लागतो, एक पाय पुढे एक मागे ठेवावा लागतो, चकती फिरवून कोणत्या रीतीने काम करावयाचे ते सांगावे लागते. तो आपल्याला प्रश्न विचारतो. वस्तूपुढे आणखी अर्धे मिनिट उभे राहावयास लावणे, हा सेन्सरच्या पंधरापट क्षेत्राइतकाच त्याचा मोठा गुण आहे.

परंतु यालाही दुसरी बाजू आहे, आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या चकतीवर 'ऑटो' नावाची एक हिरवी जागाही आहे. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी असले कॅमेरे घेतले, त्यांपैकी बहुतेकांनी ती चकती त्या जागेवरून कधी हलविली नाही, सोबतचे भिंग कधी बदलले नाही, आणि रॉ म्हणजे काय ते विचारले नाही. त्यांनी निर्णयाचा हक्क पैसे मोजून विकत घेतला आणि न वापरता मुदतबाह्य होऊ दिला. अशा धन्यापाशी डी४० हा केवळ एक जड इक्सस होतो. किंबहुना त्याहून वाईट, कारण इक्सस निदान खिशात तरी असतो. २००९ साली माझी गणना याच वर्गात होती, हे कबूल केले पाहिजे. कॅमेरा कपाटात ठेवणारा मी, आणि जवळचा कॅमेरा न वापरता येणारा मीच.

हा वाद नवा नव्हे. इंदुरात बांधकाम खात्याच्या नोकरीत असता छायाचित्रणाकडे वळलेले आणि पुढे सहाव्या निजामाचे छायाचित्रकार म्हणून हैदराबादेत नावाजलेले राजा दीनदयाळ यांनी मध्य हिंदुस्थानातील स्मारकांची चित्रे घेतली ती काचेच्या मोठ्या तावदानांवर. १८८६ साली लेपेल ग्रिफिन यांच्या ग्रंथात ती प्रसिद्ध झाली. ती यंत्रे वाहून न्यावयास माणसे लागत आणि एका चित्रासाठी सारी सिद्धता करावी लागे. म्हणूनच एकेका इमारतीपुढे किती वेळ उभे राहिले असतील ते त्या चित्रांत दिसते. पुढे १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका नावाचा हातात मावणारा कॅमेरा लोकांपुढे आला आणि रस्त्यावरचे, क्षणाचे, न सांगता घडणारे जीवन चित्रात येऊ लागले. काचेच्या तावदानाने जे साधले ते लायकाने साधले नाही, आणि लायकाने जे पकडले ते तावदानाच्या आवाक्यात नव्हते. एक बोलावून आणलेला तज्ज्ञ, दुसरा योगायोगाने जागी हजर असलेला साक्षीदार. न्यायालयात दोघांचीही गरज असते, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेतले की खटला बिघडतो.

राहिला आजचा प्रश्न. मी ज्या वर्षी इक्सस घेतला त्याच २००७ साली पहिला आयफोन विक्रीस आला. त्याचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, त्यास फ्लॅश नाही, नजर स्थिर करण्याची सोय नाही. इक्ससने त्याची भीती बाळगावी असे त्यात काही नव्हते. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघाच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे रवाना झाले आणि त्यांतील बहुसंख्य खिशातले होते. २०२३ साली सर्व प्रकारचे मिळून ते ८० लाखांच्याही आत आले. लहान कॅमेऱ्याचा मुख्य गुण म्हणजे जवळ असणे, आणि तो गुण फोनने पूर्णपणे आपल्याकडे घेतला. फोनचाही सेन्सर लहानच असतो. पण तो एका क्षणात अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांवर बसवितो आणि अंधाराची कणी हिशेबाने काढून टाकतो. २००९ सालची ती भिंत आज माझ्यापुढे आली तर खिशातला फोन इक्ससपेक्षा पुष्कळ चांगली साक्ष देईल. डीएसएलआरचाही काळ ओसरला. आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांनी त्याची जागा घेतली. परंतु त्याचे जे गुण, म्हणजे मोठा सेन्सर, बदलती भिंगे, रॉ, डोळा लावून पाहणे, ते नव्या जातीत जसेच्या तसे चालत आले. फोनही आता रॉ साठवू लागले असले, तरी परातीची रुंदी त्यांस आणता आलेली नाही.

तरुण मुलांना जुन्या लहान कॅमेऱ्याची गोडी लागली आहे, त्याचेही कारण मी समजू शकतो. फ्लॅशने उजळलेले चेहरे, मागचा काळोख, थोडी कणी, हे त्यांना त्यांच्या बाळपणाच्या चित्रांसारखे वाटते. आणि त्या यंत्रात निरोप येत नाहीत, हेही सुख आहे. २०१६ सालचे आपले एक इक्सस मॉडेल कॅननने २०२५ साली किरकोळ फेरफारांनी पुन्हा बाजारात आणले, ते उगाच नव्हे. मैत्रिणींच्या मेळाव्यासाठी तो कॅमेरा उत्तम आहे. मेळाव्यात चित्रापेक्षा हसू महत्त्वाचे, आणि लहान कॅमेऱ्यापुढे माणसे मोकळी हसतात. मोठ्या भिंगापुढे ती ताठ बसतात. या एका बाबतीत इक्ससने डी४० ला नेहमीच मागे टाकले.

म्हणून माझा निकाल असा. पंधरा वर्षांपूर्वी कोणी मला हा प्रश्न केला असता, तर दहांतल्या नवांना मी लहान कॅमेरा घ्या असे सांगितले असते, कारण नवांजणांस साक्षीदार हवा होता आणि तज्ज्ञाची फी परवडणारी नव्हती. आज साक्षीदार प्रत्येकाच्या खिशात फोनच्या रूपाने आहेच. अशा वेळी वेगळा कॅमेरा घ्यावयाचा तर फोनला जे येत नाही ते करणाराच घ्यावा. आणि ज्याला जुनी घरे, भिंती, कोरीव दारे यांची नोंद ठेवावयाची आहे त्याने जुना, स्वस्त, सहा मेगापिक्सेलचा का होईना, मोठाच कॅमेरा घ्यावा. भाचीस मी डी४० देऊन टाकला, तो चार अटींवर. चकती हिरव्या जागेवर ठेवावयाची नाही. भिंतीवर फ्लॅश टाकावयाचा नाही. चित्र रॉ स्वरूपातही साठवावयाचे. आणि कॅमेरा कपाटात ठेवावयाचा नाही; ही शेवटची अट मोडली तर देणगी रद्द.

तिने पहिले काम म्हणून तिच्या आजोळच्या, म्हणजे आमच्याच, जुन्या घराच्या माजघरातील कावीची पट्टी घेतली. खिडकी एका बाजूने उघडी ठेवून, कॅमेरा स्टुलावर टेकवून, तासभर ती तेथे बसली होती. त्या पट्टीत वेलीच्या आत एक लहान पोपट आहे. मी त्या घरात वाढलो. तो मला कधी दिसला नव्हता.

ज्या वाचकांच्या गावी अशी भिंत अजून उभी असेल, त्यांनी कोणता कॅमेरा घ्यावा याचा फार विचार करू नये. जो हाताशी असेल तो घेऊन या पावसाळ्यापूर्वी जावे, दुपारच्या तिरक्या उन्हात जावे, फ्लॅश बंद करावा, कोठेतरी टेकवून घ्यावा, आणि कळ दाबण्यापूर्वी थोडा वेळ नुसते पाहावे.